बारा महिन्यांची वही : प्रकल्प नोंदी

१४ जून २०२५, शनिवार

फील्ड प्रोजेक्टचा विषय आज मंजूर झाला : खोली घेऊन शिकणाऱ्या विद्यार्थिनींचा जमाखर्च. मॅडमची अट एकच. प्रश्नावली वाटून टक्केवारी काढायची नाही, वर्षभर वही लिहायची आणि मिळेल ते वहीतून काढायचं. मला हे पटलं. खर्च विचारला की माणूस आठवून सांगतो, आणि आठवणीत चहा-पोहे-रिक्षा कधीच नसतात.

वही चौघींची. मी धाराशिव जिल्ह्यातल्या कळंब तालुक्यातली, घरी सोयाबीन आणि तूर. दुसरी जालन्याची, वडिलांची तुतीची शेती आहे, रेशीमकोष जालन्याच्या बाजारात जातात. तिसरी कणकवलीची, काजू आणि थोडा आंबा. चौथी बीडमधल्या पाटोद्याची, आई-वडील ऊसतोडीला जातात. वहीत नावं लिहायची नाहीत असं ठरवलंय, गावावरूनच ओळखायचं. तशीही खोलीत आम्ही एकमेकींना गावावरूनच हाक मारतो.

खोली सदाशिव पेठेत, कॉट बेसिसवर. एका कॉटचे महिन्याला ३,८००, डिपॉझिट दोन महिन्यांचं. मेस दोन वेळची, ३,२००. आमच्या अनुदानित तुकडीची फी फार नसते. पुण्यात राहून शिकण्याचा खरा खर्च राहण्या-जेवण्याचा आहे, म्हणून वहीत तोच मध्यभागी राहील.

१५ जून, रविवार

वहीचा नमुना ठरवायला बसलो. इंटरनेटवर जिकडेतिकडे ५०-३०-२० चा नियम सापडतो : निम्मे पैसे गरजांना, तीस टक्के हौसेला, वीस टक्के शिल्लक. तो नियम पहिल्या तारखेला पगार येणाऱ्या माणसासाठी आहे. आमच्यापैकी एकीच्याही घरी पहिल्या तारखेला काही येत नाही. शिवाय ३,८०० अधिक ३,२०० झाले ७,०००. ही रक्कम निम्मी धरायची तर हातात १४,००० हवेत. नमुना बाजूला ठेवला.

आम्ही साधी रोजकीर्द ठेवणार. रोज रात्री तारीख, जमा, नावे (म्हणजे खर्च), शिल्लक. खाती सहाच : राहणं, खाणं, प्रवास, कॉलेज, फोन, इतर. जास्त खाती केली की कुठली रक्कम कुठे टाकायची याच विचारात लिहिणं बंद पडतं.

२२ जून, रविवार

पहिल्या आठवड्याचे आकडे मांडले. एकट्या जूनमध्ये प्रत्येकीचे डिपॉझिटचे ७,६००, पहिलं भाडं ३,८००, मेसचा ॲडव्हान्स ३,२००, म्हणजे १४,६०० रुपये कॉलेजची पायरी चढण्याआधीच गेले. त्यात गादी, बादली, कुलूप, पुस्तकं वेगळी.

पीएमपीचं, म्हणजे शहर बसचं, भाडं १ जूनपासून वाढलंय. सर्वसाधारण मासिक पास ९०० वरून १,५०० झाला, पण विद्यार्थ्यांचा ७५० चा पास तसाच ठेवलाय. जालन्याच्या मुलीचं कॉलेज लांब आहे. तिच्यासाठी हा फरक महिन्याला जवळजवळ आठवड्याच्या मेसइतका. पाससाठी कॉलेजचं बोनाफाइड प्रमाणपत्र लागतं आणि कार्यालयात ते मिळायला दिवस लागतात, तोवर तिकिटं काढावी लागतात. बोनाफाइड प्रवेशाच्या दिवशीच मागून घ्यायचं, हे पुढच्यांसाठी लिहून ठेवते.

डिपॉझिटबद्दलही. घरमालक काकांना आम्ही पावती मागितली तेव्हा ते म्हणाले, "पोरींनो, इतकी वर्षं कोणी मागितली नाही." पण दिली. कॉट बेसिसवर करारनामा सहसा होत नाही, तरी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी करून नोंदवायची जबाबदारी घरमालकाची असते. करार नोंदवलेला नसेल आणि वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते उलट सिद्ध होईपर्यंत ग्राह्य धरलं जातं. हे फार कमी मुलींना माहीत असतं. आमच्या पावतीवर तारीख, रक्कम, कॉट क्रमांक आणि 'खोली सोडताना परत' एवढंच आहे. तेवढं पुरे.

६ जुलै, रविवार, आषाढी

मेस बंद. साबुदाणा खोलीतच इंडक्शनवर केला. दाणे पाटोद्याहून आलेले.

मेसचा खाडा, म्हणजे न जेवलेल्या दिवसांचे पैसे वजा करणं, कसा धरतात ते आज मेसच्या काकूंशी बोलून लिहून घेतलं. आदल्या रात्री सांगितलं आणि सलग तीन दिवस नसलं तरच खाडा धरतात. एखाद-दुसरी वेळ चुकली तर पैसे बुडाले. रविवारी दुपारी फीस्ट, संध्याकाळी बंद. म्हणजे 'दोन वेळचं महिनाभर' म्हटलं तरी रविवारची चार-पाच रात्रीची जेवणं मुळात त्यात नाहीतच. ती बाहेर होतात किंवा खोलीत. खाण्याच्या खात्यात ३,२०० च्या पुढे जे वाढतं त्यातला बराच भाग या रविवारच्या रात्रींचा आहे, हे चौघींच्या वहीत सारखंच दिसलं. आता रविवारी रात्री खिचडी, आळीपाळीने.

२७ जुलै, रविवार

कणकवलीच्या मुलीने एक हिशोब मांडला तो जसाच्या तसा उतरवते. फोनचा रिचार्ज २८ दिवसांचा असतो. ३६५ भागिले २८ म्हणजे तेरा. आपण बारा महिने धरतो आणि रिचार्ज तेरा होतात. ८४ दिवसांचा घेतला तर वर्षात चार आणि वर उरतात २९ दिवस. तेरावा रिचार्ज कुणाच्याच अंदाजपत्रकात नसतो.

यावरून दुसरी गोष्ट लक्षात आली. प्रत्येक खर्चाचा 'महिना' वेगळा आहे. भाड्याचा महिना कॅलेंडरचा, मेसचा महिना ज्या दिवशी लावली त्या दिवसापासून, पासचा आपला वेगळा, रिचार्जचा २८ दिवसांचा. परीक्षेचा अर्ज सहा महिन्यांनी. कणकवलीची मुलगी म्हणाली की आपण महिन्याची वही लिहितोय पण महिन्याने चालणारं यात फक्त भाडं आहे. प्रकल्पाचं नाव मी आजपासून बदललं : बारा महिन्यांची वही.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

सुट्टी. येणाऱ्या पैशांचा तक्ता केला. चार घरं, बारा महिने. ज्या महिन्यात घरात पैसा येतो तिथे रेघ. हे काम मला सगळ्यात मोलाचं वाटलं, म्हणून सविस्तर लिहिते.

आमच्याकडे सोयाबीन ऑक्टोबर-नोव्हेंबरात, तूर आणि हरभरा फेब्रुवारी-मार्चला. त्यामुळे जूनमध्ये पेरणी आणि माझा प्रवेश एकाच वेळी येतात. बियाणं, खत आणि डिपॉझिट एकाच पिशवीतून. ऑगस्ट-सप्टेंबर पूर्ण कोरडे.

जालन्याची परिस्थिती वेगळी. अळ्यांचं संगोपन महिन्याभराचं, आणि वर्षात चार-पाच-सहा बॅच निघतात. पीक छोटं पण पैसा फिरता. उन्हाळ्यात पाणी आटलं, उष्णता वाढली की बॅच चुकते. एप्रिल-मे तिचे कोरडे.

कणकवलीला काजूबी मार्चपासून, आंबा मेपर्यंत. जूनमध्ये तिच्याकडे पैसे असतात, चौघींत सगळ्यात जास्त. जानेवारीपासून ओढाताण.

पाटोद्याची मुलगी तक्त्यासमोर बराच वेळ थांबली. तिचे आई-वडील दसऱ्याच्या आसपास मुकादमाकडून उचल घेतात आणि मग मार्च-एप्रिलपर्यंत फडावर राबून ती फेडतात. तिने विचारलं, "रेघ दसऱ्याला ओढू की हंगाम संपल्यावर?"

दसऱ्याला घरात रोकड येते. पण ती अजून न केलेल्या कामाची मजुरी आहे. पावसाने तोड थांबली, कोयत्यातलं, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीतलं, एक आजारी पडलं, की ती फिटत नाही आणि पुढच्या वर्षावर बाकी चढते. मी वाणिज्य शाखेची असूनही रेघ कुठे ओढायची ते मला लगेच सांगता आलं नाही. सोमवारी मॅडमना विचारायचं.

१८ ऑगस्ट, सोमवार

मॅडमनी तक्ता पाहिला. उचल जमेलाही लिहायची आणि त्याच दिवशी देण्याच्या यादीतही लिहायची, म्हणाल्या. रोकड आली हे खरं आणि देणं झालं हेही तितकंच खरं. वहीत एकच लिहिलं तर मुलगी दसऱ्याला स्वतःला श्रीमंत समजेल, नाहीतर स्वतःसाठी काही मागायलाच लाजेल.

त्यातून तिसरा रकाना निघाला. आधी जमा आणि नावे एवढेच होते, आता 'अडकलेले' आहे. डिपॉझिटचे ७,६०० हातातून गेले पण ते खर्च झालेले नाहीत. शिष्यवृत्ती मंजूर झाली तरी ती खात्यावर येईपर्यंत रोकड नाही. उचल उलट बाजूची : हातात आहे पण आपली नाही. चौघींनी रकाना भरला आणि प्रत्येकीचा बहुतेक पैसा कुठेतरी अडकलेलाच निघाला.

निघताना मॅडमनी जुन्या पुण्याची आठवण काढली. गरीब मुलं वार लावून जेवायची : सोमवार या घरी, मंगळवार त्या घरी. एखाद्या घरी सोयरसुतक आलं की त्या वारी उपाशी. साताऱ्याला कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहात मुलं काम करून शिकली, घरोघरच्या बायका मूठमूठ धान्य बाजूला काढून मुष्टिफंडात टाकायच्या. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मुलांच्या जेवणासाठी मंगळसूत्र मोडलं. पुण्यात मुलांच्या राहण्या-जेवण्याची सोय करणारी विद्यार्थी साहाय्यक समिती १९५५ पासूनची. हे सगळं ऐकलेलं होतं, पण वही समोर ठेवून ऐकताना वेगळं वाटलं. त्या सगळ्या व्यवस्था पुढच्या जेवणापुरत्या किंवा पुढच्या वर्षापुरत्या नीट विचार करून उभ्या राहिल्या होत्या.

३१ ऑगस्ट, रविवार

गणपतीत आठवडाभर कॉन्ट्री, म्हणजे सगळ्यांनी मिळून पैसे घालणं. मंडळाची वर्गणी, एकीचा वाढदिवस, एकदा बाहेर जेवण. बाकी वेळी आमच्यात टीटीएमएम (तुझं तू, माझं मी) चालतं, पण सणात ते कुणाला बरं दिसत नाही. दर रविवारी रात्री खिचडीनंतर सगळी उसनवारी मिटवायची असं ठरलं. वीस-तीस रुपयांची बाकी मैत्रिणीला मागता येत नाही, पण वहीत लिहिलेली असली की मागावी लागत नाही.

हातखर्चासाठी यूपीआय लाइट, म्हणजे फोनमधलं छोट्या रकमांचं पाकीट, चालू केलं. दर रविवारी आठवड्याची ठरलेली रक्कम त्यात टाकायची, आठवड्यात तेवढीच वापरायची. पासबुकात एकच ओळ येते, दहा-दहा रुपयांच्या शंभर ओळी नाहीत. तपशील मात्र ॲपमधूनच रोज उतरवावा लागतो, पासबुकात तो नसतो.

खोलीचा फंड जूनपासून चालू आहे, प्रत्येकी महिना २००. याची पानं वेगळी.

२२ सप्टेंबर, सोमवार, घटस्थापना

आजपासून जीएसटीचे नवे दर. वह्या, पेन्सिली, खोडरबर यांवर आता कर नाही. साबण, शाम्पू, टूथपेस्ट १८ वरून ५ टक्क्यांवर. जुना माल जुन्या किमतीचाच दिसतोय, तरी 'इतर' खात्यात पुढच्या महिन्यात तुलना करायची.

गावाकडे पाऊस थांबत नाहीये.

२८ सप्टेंबर, रविवार

मांजरा नदी पात्र सोडून शेतात. आमचं सोयाबीन काढणीला आलेलं, पाण्याखाली. धाराशिव, बीड, लातूर, जालना, सोलापूर सगळीकडून हेच. आप्पांचा, म्हणजे वडिलांचा, फोन आला. "दसऱ्याला पाठवतो म्हणलं हुतं बाई. आता दिवाळीनंतर बघू. तू तिकडं उपाशी राहू नको फकस्त." माझ्यापेक्षा त्यांनाच धीराची गरज होती. मी वही, खोली, अभ्यास सगळं व्यवस्थित चाललंय ते सविस्तर सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

रात्री चौघींनी वही उघडली. माझी ऑक्टोबरची जमा खोडून टाकली.

२ ऑक्टोबर, गुरुवार, दसरा

फंडात जून ते सप्टेंबर, चौघींचे मिळून ३,२०० झालेत. बरोबर एका मुलीच्या एका महिन्याच्या मेसइतके. ते यावेळी मला दिले. वहीत 'देणे : फंड, ३,२००' असं माझ्या नावावर, परतफेड तूर आल्यावर. कागदावर असल्यामुळे मला ते घेताना जड गेलं नाही.

कमवा आणि शिका योजनेत माझं नाव आलंय. कॉलेजच्या ग्रंथालयात रोज काही तास, पुस्तकं जागेवर लावणं आणि नोंदवही. पैसे तासांवर, महिन्याची हजेरी पुढे गेली की खात्यावर. म्हणजे या महिन्याचं काम, पैसे पुढच्या महिन्यात किंवा त्याच्याही पुढे. 'अडकलेले' रकान्यात नोंदवलं.

पाटोद्याच्या मुलीच्या घरी उचल आली. तिने दोन्हीकडे लिहिली.

१२ ऑक्टोबर, रविवार

अतिवृष्टीबाधित तालुक्यांसाठी सरकारने सवलती जाहीर केल्यात. पीककर्जाचं पुनर्गठन, शेतीकर्जाच्या वसुलीला स्थगिती, वीजबिलात माफी, आणि परीक्षा शुल्कमाफी. शेवटचं आमच्यासाठी. जालना, पाटोदा आणि कळंब तिन्हींकडच्या कागदांसाठी फोन झाले. कॉलेजच्या कार्यालयात अर्ज स्वतःहून द्यावा लागतो, कोणी बोलावून देत नाही. वर्गात मराठवाड्यातली जी जी मुलं आहेत त्यांच्या गटावर मी यादी टाकली.

२५ ऑक्टोबर, शनिवार

दिवाळी करून परत. एसटीत महिलांना अर्धं तिकीट असल्यामुळे घरी जाणं शक्य झालं, नाहीतर यंदा मी राहिले असते. जानेवारीत भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलंय, तरी अर्ध्यात.

आप्पा उरलेलं सोयाबीन वाळवत होते. यंदाचा हमीभाव क्विंटलला ५,३२८, पण खरेदी केंद्रावर ओलावा १२ टक्क्यांच्या आत लागतो. भिजलेल्या दाण्याला ती अट पार करणं अवघड, म्हणून लोक आडत्याकडे पडेल त्या भावात घालतात. रोज पाच-दहा मिनिटं तोंडात दाणा टाकून ते बघत होते, वाजतो का. आणखी आठ दिवस थांबायचं ठरवलंय. मी घरातल्या कागदांमध्ये त्यांच्यासाठीही एक बारा महिन्यांचा तक्ता काढून ठेवला. आईने पहिला प्रश्न विचारला : "यात दुधाचे कुठं हायेत?" दुधाचे दहा दिवसांचे पैसे ती स्वतः घेते आणि किराण्याला लावते. तिचा एकटीचा पैसा आमच्या घरात वर्षभर न चुकता येतो. माझ्या तक्त्यात तो नव्हता. घातला.

९ नोव्हेंबर, रविवार

एक गोष्ट वर्गातल्या मुलाकडून कळली, नाव लिहीत नाही. दिवाळीनंतर मेसचे पैसे भरायला त्याने फोनवरून कर्ज घेतलं. ५,००० चं मंजूर, प्रक्रिया शुल्क म्हणून ६०० कापून ४,४०० हातात, तीस दिवसांनी ५,३०० भरायचे. जाहिरातीत व्याज फक्त ३०० दिसतं. खरी गोष्ट अशी की ४,४०० वर ९०० द्यायचेत, म्हणजे महिन्याला २० टक्क्यांहून जास्त. आमच्याकडे गावात सावकार महिन्याला शेकडा पाच घेतो म्हणून त्याला नावं ठेवतात.

रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे अशा कर्जाआधी सगळा आकार मिळून वार्षिक दर दाखवणारा मुख्य तथ्यांचा कागद देणं बंधनकारक आहे, रक्कम थेट कर्जदाराच्या खात्यातच यायला हवी, आणि ठरलेल्या सुरुवातीच्या मुदतीत कर्ज परत करून बाहेर पडता येतं. तो कागद त्याच्या ॲपमध्ये होता, पाचव्या-सहाव्या पडद्यावर, इंग्रजीत. आम्ही तो एकत्र वाचला. त्याच्या घरी फोन करून मामाकडून पैसे आले आणि कर्ज मुदतीआधी बंद केलं. वहीच्या शेवटच्या पानावर हे गणित मोठ्या अक्षरात घालायचं. कुठल्याही मुलाला हे एकट्याने सोसावं लागू नये असं मला मनापासून वाटतं. कोरड्या महिन्यात विचारायला कोणी नसलं की माणूस फोनला विचारतो.

३० नोव्हेंबर, रविवार

जालन्याच्या मुलीची शिष्यवृत्ती 'जमा' दाखवतेय पण पुण्याच्या खात्यावर नाही. शोध लागला. महाडीबीटीचे (शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलचे) पैसे अर्जात लिहिलेल्या खात्यावर जातातच असं नाही, आधार ज्या बँक खात्याशी शेवटचं जोडलं गेलं त्यावर जातात. तिचं ते शाळेतलं गावाकडचं खातं निघालं. त्यात दोन वर्षांहून जास्त काळ व्यवहार नाही म्हणून ते निष्क्रिय. केवायसीची कागदपत्रं देऊन ते पुन्हा चालू होतं, त्यासाठी शुल्क नसतं, आणि नियमाप्रमाणे ते त्या बँकेच्या कुठल्याही शाखेत करता येतं. प्रवेशाच्या दिवशीच्या यादीत बोनाफाइडच्या खाली लिहिलं : आधार कोणत्या खात्याला जोडलंय ते बघणं.

आज पहिल्या सत्राचे सगळे आकडे एकत्र करून वर्षाचा अंदाज काढला. कॉट अकरा महिने धरली तर ४१,८००. मेस, सुट्ट्यांचे खाडे वजा जाता साडेनऊ महिने, ३०,४००. पाटोद्याच्या मुलीला स्वाधार योजनेतून (बाहेर राहून शिकणाऱ्यांसाठीची सरकारी मदत) पुण्यासाठी वर्षाला ६०,००० मिळायचे आहेत. त्यात भोजनाचे ३२,०००, निवासाचे २०,००० आणि निर्वाहाचे ८,०००. शेजारी शेजारी लिहिल्यावर चित्र स्पष्ट झालं. जेवणाची रक्कम पुरते. निवासाची रक्कम सदाशिव पेठेतल्या कॉटच्या निम्मीही नाही. आणि पैसे येतात ते सत्र उलटून गेल्यावर, म्हणून जून ते ऑक्टोबर घरच्याच पैशावर, म्हणजे तिच्या बाबतीत कोरड्या महिन्यांवर काढावे लागतात. योजना चांगलीच आहे, तिच्याशिवाय ही मुलगी पुण्यात नसती. पण ती जुलैत हातात पडली असती तर तिची किंमत दुप्पट झाली असती, रक्कम तीच राहून. प्रकल्पाच्या अहवालात हे वाक्य असंच जाणार.

१३ डिसेंबर, शनिवार

चार घरांचा तक्ता पुन्हा समोर ठेवला, यावेळी फंडाच्या नजरेने. माझे कोरडे महिने ऑगस्ट-सप्टेंबर, यंदा पुरामुळे ऑक्टोबरही. पाटोद्याचे जून ते सप्टेंबर. कणकवलीचे जानेवारी-फेब्रुवारी. जालन्याचे एप्रिल-मे. चौघींचे कोरडे महिने एकावर एक फारसे येत नाहीत! म्हणून आमचा छोटासा फंड चालला. माझ्या ऑक्टोबरला कणकवली आणि जालन्याकडे देण्यासारखं होतं.

माझ्या गावच्या चार मुली शेजारच्या गल्लीत एकत्र राहतात. एका गावच्या म्हणून घरचे निश्चिंत, आणि त्यांचं आपसात प्रेमही आहे. त्यांच्याकडेही भिशी आहे. पण सप्टेंबरच्या पुरात चौघींचंही सोयाबीन एकाच रात्री गेलं, आणि भिशीत टाकायला एकीकडेही काही नव्हतं. आपण मुली खोली निवडताना गाववाली शोधतो, पैशाच्या बाबतीत मात्र वेगळं पीक असलेली खोलीत असलेली बरी. मॅडमना हे फोनवर सांगितलं तेव्हा त्या दोन क्षण गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "हा तुझा प्रकल्प आहे. बाकी परिशिष्ट."

११ जानेवारी २०२६, रविवार

कमवा-शिकाचे ऑक्टोबर-नोव्हेंबरचे पैसे आले. त्यातून फंडाचे निम्मे फेडले.

कणकवलीच्या कोरड्या महिन्यांची सुरुवात. तिने स्वतःहून मेस एक वेळची केली, तर मेसच्या काकूंनी तिला हाक मारून विचारलं. आता ती दर आठवड्याला पैसे देते, दोन वेळचंच जेवते. आठवड्याने देण्याची सोय अनेक मेसवाल्या करून देतात, विचारावं मात्र लागतं. हेही यादीत.

८ फेब्रुवारी, रविवार

तूर निघाली. आप्पांनी पैसे पाठवले आणि लगेच फोन : "फंडाचं दिलंस का?" त्यांना फंडाची आठवण माझ्याआधी. दिले. माझ्या नावासमोरचं देणं आज निरंक.

फंड आता कणकवलीकडे.

२२ फेब्रुवारी, रविवार

अहवाल लिहायला घेतला तेव्हा पहिल्याच पानावर अडकले. वर्ष कुठून सुरू करायचं? जूनपासून घेतलं तर १४,६०० चा डोंगर पहिल्याच महिन्यात उभा राहतो आणि तो कुठून आला ते दिसत नाही. तो येतो मेमधून. मेमध्ये कणकवलीला आंबा संपतो, पाटोद्याला हंगामाचा हिशोब झालेला असतो, आमच्याकडे हरभऱ्याचे उरलेले बियाण्याच्या विचारात असतात. जूनच्या डिपॉझिटचं काय ते मेमध्येच ठरतं, पेरणीच्या आधी. त्या वेळी मुलगी गावात असते आणि वही पुण्यात.

शिवाय याच महिन्यात दुसरी एक संधी असते. तिसऱ्या वर्षाच्या मुली मेअखेर खोल्या सोडतात आणि त्यांची डिपॉझिटं परत यायची असतात. घरमालक काकांशी बोलून ठेवलंय : जाणारीचं डिपॉझिट येणारीकडून थेट तिला मिळेल, कॉट तीच राहील, पावतीवर फक्त नाव बदलेल. त्यात येणारीला दोन महिन्यांची रक्कम एकदम न देता जून आणि ऑगस्ट अशा दोन हप्त्यांत देता येईल का, हे जाणाऱ्या मुलींना विचारायचंय. दोघींनी हो म्हटलंय. काकांची हरकत नाही, फक्त त्यांना ते लेखी हवंय.

म्हणून पुढच्या वहीचं पहिलं पान मेचं. ते गावी नेता येईल असं सुटं छापायचं, मागच्या बाजूला प्रवेशाच्या दिवशीची यादी : बोनाफाइड, आधार कोणत्या खात्याला, डिपॉझिटची पावती, खाड्याचे नियम. पुढच्या बाजूला तीन रकाने आणि सगळ्यात वर एक रिकामी ओळ, 'आमच्या घरी पैसा कोणत्या महिन्यांत येतो'. ती ओळ मुलीने आईबरोबर बसून भरायची, दूध-अंडी-शिवणाच्या पैशांसकट. पन्नास प्रतींचा छपाईचा दर अप्पा बळवंत चौकात उद्या विचारते.